बारा टोपल्या

शास्त्रभाग : योहान ६ : १–१३, अनुवाद २२ : ६–७ व २३ : १२–१४.



प्रभूनें पांच हजारांना जेवूं घातल्याची गोष्ट आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही तोंडपाठ आहे. जवाच्या पांच भाकरी, दोन मासळ्या, गवतावर बसलेल्या पंक्ति आणि प्रभूनें उपकार मानून केलेली वांटणी, हें सर्व आपण शब्बाथशाळेंत शिकलों आहों. परंतु गोष्ट सांगतांना लोक तृप्त झाले येथेंच आपण बहुधा थांबतों. योहानानें ती तेथें संपविलेली नाहीं. सर्वांचीं पोटें भरल्यावर प्रभूनें शिष्यांना आणखी एक काम सांगितलें. उरलेसुरलें सर्व वेंचून आणण्याचें, कांहींही नासूं न देण्याचें तें काम होतें. शिष्यांनीं तें केलें, आणि बारा टोपल्या भरल्या.

ह्या आज्ञेचें प्रथम नवल वाटतें. ज्याच्या हातीं पांच भाकरी पांच हजारांना पुरतात, त्याला उष्ट्या तुकड्यांची काय गरज? उद्यां भूक लागली तर तो पुन्हां तितक्याच देऊं शकेल. आमच्या प्रभूच्या ठायीं कृपणता नव्हती हें आपण जाणतों. मग ही आज्ञा कां? आम्हांस दोन कारणें दिसतात. पहिलें असें कीं, अन्न हें देवाचें दान होतें, आणि देवाचें दान पायदळीं पडूं देणें हा देणाऱ्याचा अपमान आहे. दुसरें असें कीं, ती जागाही देवाची होती. तो डोंगरउतार, तें गवत, तें सरोवर शिष्यांच्या मालकीचें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्या गवतावर कोणाचीं तरी मेंढरें चरणार होतीं. त्या पाण्यांत कोणी कोळी जाळें टाकणार होता. एवढा मोठा समुदाय जेवून उठला, आणि त्या जागेवर उष्ट्याचा तुकडा राहूं नये अशी प्रभूची इच्छा होती.

ही दुसरी गोष्ट आज आपण विचारांत घ्यावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहों. उन्हाळ्याच्या सुट्टींत आपल्या मंडळ्यांतील तरुणसंघ, शब्बाथशाळा व महिलामंडळें मोटारी करून कोंकणांत समुद्र पाहण्यास जातात. तेथें गीतें होतात, प्रार्थना होते, जेवण होतें. हें सर्व चांगलें आहे. पण मोटार निघाल्यावर मागें वाळूंत काय राहतें, हें मागें वळून पाहणारे थोडे. थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, चहाचे पेले, वेफरच्या पुड्या व पिशव्या हें सर्व तेथेंच पडलेलें दिसतें. ज्यांच्या तोंडून आतांच स्तवन ऐकलें त्यांचाच हा पसारा, असें पाहणाऱ्या परक्यास कळलें तर त्या स्तवनाविषयीं तो काय समजेल?

कोणी म्हणेल, आपले वाडवडील मळ्यांत व नदीकांठीं जेवत, तेही पत्रावळ तेथेंच टाकीत. त्यांना कोणी दोष दिला नाहीं. हें खरें आहे. पत्रावळ गुरांनीं खाल्ली किंवा पावसांत कुजून तिची माती झाली, आणि द्रोण दोन महिन्यांत दिसेनासा झाला. टाकण्याची संवय जुनी आहे, परंतु टाकावयाची वस्तु नवी आहे. प्लास्टिक मातीस मिळत नाहीं. उन्हानें व लाटांनीं त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण ते कण प्लास्टिकच राहतात. जुन्या संवयीनें नवी वस्तु टाकिली म्हणजे काय होतें, हें समुद्रांतील मुक्या जीवांना विचारावें लागेल.

त्यांतील एका जीवाची हकीकत येथें देतों. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास व आंजर्ले, रायगडांतील हरिहरेश्वर व दिवेआगर, सिंधुदुर्गांतील वायंगणी, अशा कित्येक गांवांच्या किनाऱ्यांवर साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळीं समुद्रांतून कासवी वर येते. हिच्या जातीला 'ऑलिव्ह रिडले' असें म्हणतात. तिची लांबी सुमारें दोन फूट असते. पाण्यांत ती पक्ष्यासारखी सहज फिरते, पण वाळूवर तिला आपलें अंग मोठ्या कष्टानें ओढावें लागतें. भरतीचें पाणी पोहोंचणार नाहीं अशा ठिकाणीं जाऊन ती मागल्या पायांनीं हातभर खोल खड्डा उकरते, त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते, वर वाळू सारखी करते, आणि परत समुद्रांत जाते. आपल्या पिलांचें तोंड तिला कधीं दिसत नाहीं. सुमारें ४५ ते ६० दिवसांनीं पिलें वाळूंतून डोकें वर काढतात, आणि ज्या बाजूस क्षितिज अधिक उजळ दिसेल तिकडे, म्हणजे समुद्राकडे, धांवत सुटतात. त्यांतील फार थोडींच जगून मोठीं होतात. ज्या माद्या जगतात त्या वयांत आल्यावर, ज्या किनाऱ्याच्या प्रदेशांत त्यांचा जन्म झाला तिकडेच बहुधा अंडीं घालण्यास परत येतात.

आतां अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांतील नियम पाहा. वाटेंत पक्ष्याचें कोठें घरटें आढळलें आणि आई अंड्यांवर बसलेली असली, तर आईस व पिलांस एकदम धरूं नये, आईस सोडून द्यावें, असें मोशेच्या द्वारें देवानें इस्राएलास सांगितलें. नियम लहान आहे, पण त्यास जोडलेलें अभिवचन लहान नाहीं. कल्याण होईल व दीर्घायुष्य लाभेल हें जें अभिवचन आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेस जोडलें आहे, तेंच ह्या घरट्याच्या नियमासही जोडलें आहे. ज्या देवानें रानांतल्या एका घरट्याची इतकी काळजी वाहिली, तो वाळूंतल्या घरट्याकडे पाहत नाहीं असें आपण समजूं नये.

आपण टाकलेल्या वस्तूनें ह्या मातेचें व तिच्या पिलांचें काय होतें तें ऐका. समुद्रांत जेलीफिश नांवाचा पारदर्शक व थुलथुलीत जीव असतो. कासवें तो खातात. पाण्यांत तरंगणारी प्लास्टिकची पिशवी तशीच दिसते. शिवाय, समुद्रांत कांहीं दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ व सूक्ष्म जीव वाढले म्हणजे त्याला खाद्यासारखा वास येतो, आणि त्या वासानें कासवें फसतात, असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळून आलें. कासवाच्या गळ्यांत आंतून कांट्यांसारखे उंचवटे असतात व त्यांचीं टोंकें पोटाकडे वळलेलीं असतात. निसरडें भक्ष्य सुटून जाऊं नये म्हणून निर्माणकर्त्यानें ही योजना केली. पण तिच्यामुळेंच एकदां गिळलेली पिशवी बाहेर टाकणें त्याला कठीण जातें. पोट भरल्यासारखें वाटतें, आणि प्राणी उपाशी मरतो.

कोळ्यांच्या फाटून टाकलेल्या नायलॉनच्या जाळ्यांनीं आणखी निराळा घात होतो. तीं जाळीं समुद्रांत वाहत राहतात, आणि त्यांना धरणारा हात नसला तरी तीं धरावयाचें काम सोडीत नाहींत. पालघर जिल्ह्यांत डहाणू येथें जखमी कासवांच्या शुश्रूषेचें केंद्र आहे. पावसाळ्यांत लाटांबरोबर किनाऱ्यास लागलेलीं कासवें तेथें नेतात, आणि दोऱ्यांत गुंतून पाय तुटलेलीं कासवें त्यांत असतात. किनाऱ्यावर जाळ्यांचा व बाटल्यांचा ढीग असला तर अंडीं घालण्यास आलेल्या मातेची वाट अडते. बोटभर लांबीच्या पिलाला तर एक उलटा पडलेला पेलाही कोठडी होतो. त्यांतून तें बाहेर पडण्यापूर्वीं कावळा येतो किंवा ऊन चढतें.

कासवांवरच हें संकट आहे असेंही नाहीं. २०१९ च्या मार्च महिन्यांत फिलिपाईन्स बेटांत एक देवमासा मरून किनाऱ्यास लागला. त्याचें पोट फाडून पाहतां आंत सुमारें ४० किलो प्लास्टिक निघालें. योनाला ज्या मोठ्या माशानें गिळलें त्याला परमेश्वराची आज्ञा होतांच त्यानें योनाला कोरड्या जमिनीवर ओकून टाकलें. ह्या देवमाशाला मनुष्यानें जें चारलें तें त्याला ओकतां आलें नाहीं.

येथें आमचे घाटावरचे वाचक म्हणतील कीं, समुद्र आम्हांपासून शेंकडों मैल दूर आहे; हा उपदेश कोंकणांतल्या मंडळ्यांना करावा. पण आपल्या नद्या कोठें जातात? प्रवरा गोदावरीस मिळते. सीना भीमेस मिळते व भीमा कृष्णेस. आणि गोदावरी व कृष्णा ह्या दोन्ही आंध्र प्रदेशांतून जाऊन बंगालच्या उपसागरास मिळतात. धरणें व बंधारे वाटेंत कांहीं कचरा अडवितात खरे, परंतु पुराच्या पाण्याबरोबर पुष्कळ पुढें जातो. बाजारच्या दिवशीं ओढ्यांत फेंकलेली पिशवी गांवांतून गेली म्हणजे नाहींशी झाली असें नाहीं. ती फक्त आपल्या दृष्टीआड झाली. आणि समुद्र तर सर्व एकच आहे. २०२१ मध्यें पूर्व किनाऱ्यावर, ओडिशांत, एका कासवीच्या अंगावर खुणेची पट्टी बसविली होती. तीच कासवी २०२५ च्या जानेवारींत पश्चिम किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर येथें, अंडीं घालतांना आढळली. हजारों किलोमीटरांची मजल करून ती आली. आमच्या ओढ्यांतील पाणी ज्या समुद्रास मिळतें त्याच समुद्रांत तिनेंही वास केला होता.

आतां दोन आक्षेपांचें उत्तर दिलें पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, मनुष्यांचे आत्मे नाश पावत असतां कासवांची चिंता वाहणें हें सुवार्तेचें काम आहे काय? ह्या आक्षेपांत कळकळ आहे. म्हणून आम्ही त्याचा मान राखतों. मनुष्याचा जीव पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहे असें प्रभूनेंच सांगितलें. पण त्याच ठिकाणीं त्यानें हेंही सांगितलें कीं, त्यांतील एकही चिमणी पित्याच्या नजरेवेगळी भूमीवर पडत नाहीं. निनवेवर दया करण्याचें कारण योनाला सांगतांना देवानें लेंकरांबरोबर गुरांढोरांचीही गणना केली. जलप्रलयानंतर नोहाशीं जो करार झाला तो, उत्पत्तीच्या नवव्या अध्यायांत पाहिलें तर, प्रत्येक सजीव प्राण्याशीं झालेला आहे. आदामाच्या हातीं बाग दिली ती मशागत व राखण करण्यासाठीं. राखणदारानें मालकाच्या बागेंत घाण टाकावी आणि मालकाच्या स्तुतीचीं गीतें गावीं, हें शोभत नाहीं. सुवार्ता सांगणाऱ्याचें जीवन जर सुवार्तेला खोटें पाडूं लागलें, तर त्याच्या शब्दांचें वजन किती राहील?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो मोठ्यानें क्वचितच बोलला जातो. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ कुटुंबें अशीं आहेत कीं, ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गांवानें मेलेलें ढोर ओढण्यास, चावडी झाडण्यास व सर्वांची घाण उचलण्यास लाविलें. तें काम त्यांनीं निवडलें नव्हतें. जन्माबरोबर तें त्यांच्या माथीं आलें, आणि तेंच काम केलें म्हणून गांवानें त्यांना विटाळ मानलें. ज्यांनीं प्रभूच्या नांवानें मान वर करण्यास शिकावें, मुलांच्या हातीं झाडूऐवजीं पाटी-पेन्सिल द्यावी, त्यांना आतां ह्या लेखानें पुन्हां लोकांचा कचरा उचलण्यास सांगावें काय? ही खंत खरी आहे. जो उपदेशक तिच्याकडे पाहिल्यावांचून स्वच्छतेचा उपदेश करील, त्याचें ऐकूं नये हेंच बरें.

परंतु त्या डोंगरउतारावर परत चला, आणि टोपल्या मोजा. टोपल्या बारा भरल्या, आणि शिष्यही बारा होते. प्रत्येकानें एक उचलली असें योहान स्पष्ट लिहीत नाहीं, तरी वाचणाऱ्यास हा मेळ सहज दिसतो. प्रभूनें तें काम कोणाला सांगितलें? त्या समुदायांत गरीब असतील, चाकर असतील, ज्यांच्याकडून असें काम करून घेण्याची जगाची रीत होती असेही लोक असतील. त्यांच्यापैकीं कोणालाही त्यानें हांक मारली नाहीं. त्यानें प्रेषितांना सांगितलें. जे त्याच्या सर्वांत जवळ होते, ज्यांच्या हातांनीं भाकरी वांटल्या गेल्या होत्या, तेच हात उरलेलें वेंचण्यासाठीं वांकले. पेत्र वांकला, योहान वांकला, जो पूर्वीं जकातदार होता तो मत्तयही वांकला.

अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांतही हेंच दिसतें. इस्राएलाच्या छावणींत घाण झांकण्यासाठीं निराळी जात नेमली नव्हती. प्रत्येक पुरुषानें आपल्या हत्यारांबरोबर जमीन खणण्याचें एक साधन बाळगावें, आणि आपली घाण आपणच बुजवावी, असा नियम होता. कारणही तेथेंच दिलें आहे. परमेश्वर स्वतः त्या छावणींतून फिरतो, म्हणून छावणी पवित्र असली पाहिजे.

बंधुभगिनींनो, टाकणारा एक आणि उचलणारा दुसरा, ही विभागणी म्हणजेच जातिभेद. आपल्या पूर्वजांवर जो अन्याय झाला तो ह्या विभागणीनें झाला. कचरा उचलण्यांत स्वतः कांहीं हीनपणा आहे म्हणून झाला नाहीं. आतां विचार करा. आपण वाळूंत ताटली टाकून निघून येतों तेव्हां काय करतों? आपल्यामागें कोणीतरी ती उचलील असें गृहीत धरतों. तो कोणीतरी कोण? ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा सफाई कामगार, म्हणजे बहुधा त्याच वस्त्यांतला मनुष्य, जेथून आपले आजोबा निघाले. ज्या जुन्या पाटलाच्या वर्तनाचा आपण तिरस्कार करतों, त्याच्याच जागेवर आपण त्या घटकेस बसलेले असतों. म्हणून जो आपला कचरा आपण उचलतो तो खालीं जात नाहीं. तो ती जुनी विभागणी आपल्यापुरती मोडून टाकतो. आणि जो कोणी, मग तो कितीही शिकलेला असो, तो दुसऱ्यासाठीं टाकून जातो, तो ती विभागणी पुन्हां उभी करतो.

ह्याच कारणास्तव आम्ही असेंही सांगतों कीं, एखाद्या गरीब मजुराला चार पैसे देऊन किनारा झाडावयास लावावें आणि मंडळीनें सावलींत बसून पाहावें, असें कोणी करूं नये. हें काम घरच्या बायकांवर सोंपवून पुरुषांनीं अंग काढून घ्यावें, असेंही करूं नये. आणि जे मजुरी घेऊन रोज हें काम करतात त्यांच्याशीं आदरानें बोलावें. त्यांचें ओझें हलकें करावें.

असें काम होऊं शकतें काय, असें विचाराल तर दोन उदाहरणें आपल्याच महाराष्ट्रांतील आहेत. मुंबईंत वर्सोवा येथील समुद्रकिनारा प्लास्टिकनें इतका भरून गेला होता कीं वाळू दिसणें कठीण झालें होतें. २०१५ च्या ऑक्टोबर महिन्यांत अफरोज शाह नांवाच्या एका वकिलानें आपल्या एका वृद्ध शेजाऱ्याबरोबर तो उचलण्यास आरंभ केला. पुढें कोळी, विद्यार्थी, झोंपडपट्टींतील रहिवासी व बंगल्यांतील रहिवासी येऊन मिळाले, आणि आठवड्यामागून आठवडा हें काम चालू राहिलें. २०१८ च्या मार्चमध्यें त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाचीं सुमारें ८० पिलें वाळूंतून निघून समुद्रास मिळालीं. आरंभ करणारे आपल्या मंडळींतले नव्हते. यरीहोच्या वाटेवर कोण शेजारी ठरला, हा प्रभूचा प्रश्न येथें आम्हांस आठवतो.

दुसरें उदाहरण वेळासचें. तेथील लोक पूर्वीं कासवांचीं अंडीं खाण्यासाठीं व विकण्यासाठीं काढून नेत. चिपळूण येथील सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें २००२ पासून तेथें काम सुरू केलें, आणि गांवकरीच राखणदार झाले. आतां 'कासवमित्र' म्हणविणारे गांवचे लोक पहाटें किनारा धुंडाळतात, अंडीं कुंपणाच्या आंत तितक्याच खोल खड्ड्यांत ठेवतात, आणि पिलें निघण्याच्या सुमारास त्या जागेवर टोपली पालथी घालतात. टोपली उचलली कीं खालीं पिलें वळवळत असतात. त्यांना भरतीच्या पाण्याजवळ नेऊन सोडतात. जो हात एके काळीं अंडीं लुटीत असे, तोच आतां टोपली उचलतो. पश्चात्ताप म्हणजे काय, हें शिकविण्यास उपदेशकाला ह्याहून सोपा दाखला कोठें मिळेल?

आतां करावयाच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों, म्हणजे पाळकांनीं व उपदेशकांनीं त्या आपापल्या मंडळींत वाचून दाखवाव्या.

पहिली गोष्ट : प्रीतिभोजन असो, कापणीचा सण असो कीं समुद्रावरची सहल असो, एकदां वापरून फेंकावयाच्या वस्तु मुळींच नेऊं नयेत. घरचीं ताटें, स्टीलचे पेले व कापडाच्या पिशव्या न्याव्या, नाहींतर पानांच्या पत्रावळी. महाराष्ट्रांत थर्माकोलच्या ताटल्यांवर व अशा कित्येक वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे. देशभर १ जुलै २०२२ पासून अशा पुष्कळ वस्तु बंद केल्या आहेत. पण शिपाई पाहत नाहीं तेथेंही आपला प्रभु पाहतो.

दुसरी गोष्ट : निघण्यापूर्वीं बारा जणांचीं नांवें ठरवावीं, व त्यांच्या हातीं बारा टोपल्या किंवा पोतीं द्यावीं. त्या बारांत पाळक व मंडळीचे वडील प्रथम असावे. पुरुष, स्त्रिया व तरुण सर्व असावे. पुढच्या खेपेस दुसरे बारा घ्यावे, म्हणजे हें काम कोणाच्याही कपाळीं चिकटणार नाहीं.

तिसरी गोष्ट : जें वेंचलें तें किनाऱ्यावर जाळूं नये, आणि वाळूंत पुरूं तर मुळींच नये, कारण तीच वाळू अंड्यांची जागा आहे. तें बांधून, जेथें कचरा गोळा करण्याची व्यवस्था आहे तेथें पोहोंचवावें. काच, सुया व औषधांच्या बाटल्या मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. मोठ्यांनीं हातमोजे घालून त्या उचलाव्या. शिंपले, वाहून आलेलें लांकूड व समुद्रशेवाळ हीं मात्र तशींच राहूं द्यावीं. तीं देवाचीं आहेत. खेंकडे व पक्षी त्यांवर जगतात.

चौथी गोष्ट : नोव्हेंबरपासून मे पर्यंत रात्रीं किनाऱ्यावर मोठे दिवे लावूं नयेत, शेकोट्या पेटवूं नयेत, वाळूवर गाड्या नेऊं नयेत. खोट्या उजेडानें पिलें समुद्राऐवजीं जमिनीकडे वळतात. कासवीचा माग दिसला तर अंड्यांस हात न लावतां वनखात्याच्या मनुष्यास किंवा गांवच्या कासवमित्रास कळवावें.

पांचवी गोष्ट मासेमारी करणाऱ्या बांधवांसाठीं : फाटलेलें जाळें समुद्रांत न टाकतां किनाऱ्यास परत आणावें. संरक्षित प्राणी जाळ्यांत अडकला आणि त्याला सोडविण्यासाठीं जाळें कापावें लागलें, तर भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१८ च्या डिसेंबरमध्यें सुरू केली. तिच्याविषयीं मत्स्य व्यवसाय खात्यांत चौकशी करावी. आणि घाटावरच्या मंडळ्यांनीं आपला ओढा व आपल्या प्रार्थनामंदिराचें अंगण ह्यांपासून आरंभ करावा. जो थोडक्यांत विश्वासू तो पुष्कळांतही विश्वासू, हा प्रभूचा न्याय येथेंही लागू आहे.

शेवटीं एक गोष्ट. पुनरुत्थानाच्या सणाचे दिवस आणि कोंकणांत कासवांचीं पिलें वाळूंतून वर येण्याचे दिवस बहुधा एकाच सुमारास येतात. योहानाच्या एकविसाव्या अध्यायांत आपण वाचतों कीं, मेलेल्यांतून उठलेला प्रभु पहाटेच्या वेळीं समुद्राच्या कांठीं उभा होता. त्यानें निखारे केले होते, त्यांवर मासळी ठेवली होती, भाकरीही होती, आणि रात्रभर दमलेल्या शिष्यांना त्यानें न्याहारीस बोलाविलें. शिष्यांना भेटण्यासाठीं त्यानें त्या वेळीं पाण्याचा कांठ निवडला. आपण ज्या कांठावर जेवून येतों, तेथें उद्यां पहाटें तो येऊन उभा राहिला, तर त्याच्या पायांखालीं काय लागेल? हा प्रश्न प्रत्येक मंडळीनें सहलीची मोटार निघण्यापूर्वीं आपणांस विचारावा, आणि मग टोपल्या हातीं घ्याव्या.

हे प्रभु, समुद्र तुझा आहे व कोरडी भूमीही तुझी आहे. तूं आम्हांला तृप्त केलेंस. आतां उरलेलें वेंचण्यासाठीं आमची पाठ वांकव. ज्यांना जगानें वांकविलें त्यांचा मान तूं राख, आणि जे कधीं वांकले नाहींत त्यांना नम्रता शिकव. तुझ्या वाळूंत निजलेल्या मुक्या पिलांची वाट आमच्यामुळें अडूं नये, अशी कृपा आम्हांवर कर. आमेन.